डाग आतल्या घडीत

कापडाच्या दुकानात जन्म काढला की हाताला एक खोड लागते. मिलमधून आलेल्या एखाद्या साडीत कुठे धागा ओढलेला असतो, कुठे रंगाचा थेंब सांडलेला असतो. ती साडी गिऱ्हाइकापुढे टाकताना हात आपोआप अशी घडी मारतो, की डाग आत जातो आणि पदर वर येतो. माझ्या वडिलांचा हात यात इतका बसला होता, की त्यांच्या स्वतःच्या धोतराचा विटलेला भागही कधी कोणाला दिसला नाही. मी त्यांचाच मुलगा. कारंज्यात हायवेपासून एक गल्ली आत आमचं दुकान आहे. मी कोणाला फसवतो असं नाही. गिऱ्हाइकानं विचारलं तर डाग दाखवतो. फक्त त्याच्यावर विचारायची वेळ येऊ नये, एवढी काळजी घेतो.

ही खोड दुकानाचं शटर ओढलं की तिथेच राहते, असा माझा समज होता.

सुरुवात परकराच्या नाडीपासून झाली. एका सकाळी बायको आरशापुढे उभी राहून म्हणाली, "आवो, ह्या नव्या परकराच्या नाड्या आखूड येऊन राह्यल्या काय?"

"नाड्या होत्या तेवढ्याच हायत. आपली कंबर पाहा."

"जेवण तं माह्यं दोन घासांवर आलं. कंबर काऊन वाढंल?"

"हवा खात असशील."

आणि मी हसलो. एवढंच करून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी दुकानातून लांब नाडीचे चार परकर घरी आणले आणि प्रश्न सोडवल्याच्या थाटात तिच्यापुढे ठेवले. पुढे भाच्याच्या लग्नाला जाताना तिनं वाटेत पुन्हा पुन्हा गाडी थांबवायला लावली, तेव्हा अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं मी म्हणालो, "आमच्या घरच्यांनी प्रत्येक ढाब्याची पाहणी कराची ठरवली हाय." गाडी हसली. तीही हसली. खिडकीकडे तोंड करून पोटाच्या खालच्या बाजूला हात दाबून बसली होती, हे मला दिसलं होतं. पण मी ओवा दिला, हिंग दिला, सोडा पाजला. दोन घासांत पोट भरणं, फुगणं, सारखी लघवीला लागणं, या प्रत्येकाला माझ्याकडे वेगळं औषध आणि वेगळा विनोद होता. सगळं मिळून एकच काही असेल, हे डोक्यात आलं नाही.

शेवटी तीच गावातल्या डॉक्टरकडे गेली. मी सोबत गेलो, कारण डॉक्टरला दवाखान्यासाठी पडद्याचं कापड हवं होतं. तिला टेबलावर झोपवून तो पोट तपासत होता आणि मान माझ्याकडे वळवून बोलत होता. "निळं नको, लोकांना सरकारी वाटतं. हिरव्यात एखादं फिकं..." आणि वाक्याच्या मध्येच थांबला. हात बेंबीखाली उजवीकडे थांबला होता. त्यानं पुन्हा दाबून पाहिलं. मान तिच्याकडे वळवली. पडद्याचं कापड त्यानं आजपर्यंत घेतलेलं नाही.

"पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"गेली असंल ना जी," मी म्हणालो.

"तुमची नाही विचारली," डॉक्टर म्हणाला.

"पोरगी कॉलेजात गेली त्या साली," बायको छताकडे पाहत म्हणाली. म्हणजे बरीच वर्षं झाली होती. इतकी वर्षं एका घरात राहून मला पत्ता नव्हता.

"त्यानंतर कधी अंगावरून गेलं?"

"नाई."

त्यानं सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. भरपूर पाणी पिऊन जा, लघवी थांबवून धरा, असं सांगितलं. त्या दुपारी मी तिला इतकं पाणी पाजलं, की सोनोग्राफीवाल्यानं यंत्र पोटावर टेकवताच ती ओरडली. रिपोर्ट घेऊन परत आलो, तेव्हा डॉक्टरनं मला सावकाश समजावलं. पाळी गेल्यावर बाईचे अंडाशय आक्रसत जातात. त्या वयात तिथं नवी गाठ दिसली, तर ती साधी असू शकते, बऱ्याचदा असतेच. पण तपासल्याशिवाय तिला साधी म्हणायचं नाही. हिच्या गाठीत थोडं पाणी आहे, थोडा घट्ट भाग आहे. वर्ध्याला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, उशीर करू नका.

"किती मोठी हाय?" मी विचारलं.

"संत्र्यापेक्षा मोठी."

"आपल्या इकडच्या संत्र्यापेक्षा?"

घाबरलो की मी असंच काहीतरी विचारतो.

बाहेर बाकावर ती वाट पाहत होती. दुकानातल्यासारखी मी डागाची घडी आत मारली आणि पदर वर आणला. "काही नाई वं. गॅसचाच गोळा हाय, जरा मोठा झाला. वर्ध्याले दाखवून घ्या म्हणतात, म्हणून."

तिनं माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. "गॅसचा फोटो निघते काय?" एवढंच म्हणाली आणि चपला घातल्या.

आमची एकुलती एक मुलगी वर्ध्यात बँकेत आहे, सिंदी मेघेत खोली करून राहते. तिला अमरावतीकडचं एक स्थळ आलं होतं. पाहणी झाली होती, पसंती झाली होती, साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस तेवढा काढायचा होता. त्यामुळे बाजारात मी सांगितलं, की साक्षगंधाच्या खरेदीसाठी पोरीकडे जातो. समोरच्या भांडेवाल्यानं विचारलं, "कापडवाला असून कापड घ्यायले वर्ध्याले?" मी म्हणालो, "भांडे घेतो." त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.

आर्वीमार्गे एसटीनं गेलो. पूर्ण वाटेत ती काही बोलली नाही आणि मी एक क्षण गप्प बसलो नाही. पुलगावला कापसाचा भाव काय, नवा रस्ता कुठून जातो, कोणत्या गावात पूर्वी मी उधारीवर कापड दिलं होतं. मागच्या बाकावरचा माणूस कंटाळून पुढे जाऊन बसला. माझ्या डोक्यात मात्र एकच शब्द फिरत होता. तो मी तोंडात येऊ देत नव्हतो.

मागच्या वेळचा धडा लक्षात ठेवून मी या वेळी न विचारताच हुशारी केली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तिला दोन बाटल्या पाणी संपवायला लावलं. "मागं फोटो किती साफ निघाला," असं सांगून. आत गेल्यावर कळलं, की इथं सोनोग्राफी खालून, आतून करतात, गाठ जवळून दिसावी म्हणून. आणि त्यासाठी लघवी करून यावं लागतं.

"कोणी सांगितलं पाणी प्यायला?" परिचारिकेनं विचारलं.

बायकोनं अंगठा माझ्याकडे केला आणि धावत निघून गेली.

तपासणारी डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी असेल. नागपूरकडची वाटली, पण बोलणं शुद्ध. तोवर मुलगीही बँकेतून आली होती. तपासणी झाल्यावर तिनं आम्हा तिघांना समोर बसवलं आणि एकेक विचारायला सुरुवात केली. भूक, वजन, शौच, दुखणं. प्रश्न बायकोला होते आणि उत्तरं माझी.

"काका, काकूंना बोलू द्या ना."

"बोला ना जी, मी कुठं धरलं."

मग तिनं विचारलं, "तुमच्या माहेरी कोणाला कॅन्सर होता का? स्तनाचा, अंडाशयाचा, आतड्याचा? आई, बहिणी, मावश्या?"

बायकोनं तोंड उघडलं. त्या अर्ध्या क्षणात माझ्या हातानं घडी मारली.

"नाई नाई. तसं कोणी नाई. एक मोठी बहीण गेली हिची, पण ती काविळीनं."

बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मुलगी मान हलवत होती, कारण तिलाही मावशी काविळीनंच गेली हे लहानपणापासून माहीत होतं. खरी गोष्ट अशी, की मेहुणीला छातीत गाठ झाली होती. चाळिशीतच गेली. पण त्या घरात तिच्या मागे लग्नाच्या पोरी होत्या, आणि आमच्यासारख्या दुकानदार घरांमध्ये असा आजार एका बाईला झाला की साऱ्या खानदानाच्या पोरींच्या कपाळी लागतो, अशी समजूत. म्हणून तेराव्याच्या आत कावीळ ठरली. सगळ्या नातेवाइकांत ती कावीळ मीही वाटली होती. इतक्या वर्षांत तिच्यावर कोणी शंका घेतली नव्हती. आता पुन्हा एक साक्षगंध तोंडावर होतं, आणि डॉक्टरीणबाईच्या मागं भिंतीला कान असतील तर काय सांगावं?

तिनं लिहून घेतलं. मग सांगितलं, की गाठीत एक पडदा आहे आणि एक घट्ट भाग, म्हणून नुसतं थांबून पाहणं योग्य नाही. रक्ताची एक तपासणी करायची. तिचा आकडा एकटा काही ठरवत नाही, कधी साध्या गाठीतही वाढतो, कधी वाईट गाठीतही वाढत नाही. पाळी गेलेली आहे, सोनोग्राफीत काय दिसतं, रक्त काय म्हणतं आणि घरात कोणाला काय होतं, हे सगळं एकत्र ठेवून अंदाज बांधायचा. सीटीही करू.

मला एवढ्या गोष्टी एकत्र ठेवायच्या नव्हत्या. मला एक शब्द हवा होता, आहे किंवा नाही. "बाई, असं करा ना," मी म्हणालो, "सुई घालून थोडासा तुकडा काढा अन् पाहून घ्या. आमच्याकडे अख्खा तागा कोणी उलगडत नाही. टोकाचा नमुना कापून दाखवतो."

मुलीनं कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाई मात्र हसली नाही. "काका, ही गाठ वाईट असली आणि आपण तिला सुई टोचली, तर आतलं पोटात सांडू शकतं. एका जागची गोष्ट मग सगळीकडे जाते. काढायची तर अख्खी काढायची, न फोडता. नमुना नाही."

माझ्या मनात तोवर तिच्या पोटात एक संत्रं होतं. आता ते पातळ सालीचं झालं. एसटीचा खड्डा, रिक्षाचा दचका, कशानं फुटेल सांगता येत नव्हतं. परतीच्या रिक्षात मी रिक्षावाल्याला इतक्यांदा "सावकाश" म्हणालो, की त्यानं वळून विचारलं, "काका, दिवस भरले काय काकूचे?"

रक्ताचे आणि सीटीचे रिपोर्ट येईपर्यंत सिंदी मेघेतच थांबलो. त्या खोलीत तीन माणसं आणि एक पंखा. मी दिवसभर फोनवर दुकान चालवायचो आणि मध्येच बायकोकडे पाहायचो. तिचा चेहरा जरा उतरला, की मला वाटायचं, गाठ पसरली. जरा हसली, की वाटायचं काहीच नाही, उगाच आलो. एकदा ती भाजी निवडता निवडता उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही, तर मी दाराशी उभा राहिलो.

"काय झालं वं?"

"आवो, संडासात तरी एकटं राहू द्या."

मग तीच म्हणाली, गिरडला जाऊन येऊ. तिचं माहेर समुद्रपूरच्या बाजूचं. पोरवयात दर वर्षी ती आणि तिची मोठी बहीण गिरडच्या टेकडीवर जायच्या, बाबाच्या दर्ग्याला. आमच्या भागात त्याला हिंदू-मुसलमान असं काही नाही, नवस सगळ्यांचे. मुलीनं सुट्टी टाकली नाही, आम्ही दोघंच गेलो. पायऱ्या चढताना ती दर थोड्या वेळानं थांबायची. मी पाठीमागे दोन्ही हात पसरून, ती पडली तर झेलायच्या तयारीत. वरून उतरणारी एक म्हातारी मला म्हणाली, "कोंबडी पकडून राह्यला काय बाप्पा?"

वर डोकं टेकवून झाल्यावर ती सावलीत बसली. तिथे गोल गोल खडे सापडतात, सुपारीसारखे, जायफळासारखे. लोक घरी नेतात. तिनं एक उचलला, हातात फिरवत राहिली.

"आक्का अन् मी ओचा भरून न्यायचो हे," ती म्हणाली. "तुमाले याची गोष्ट माहीत हाय?"

माहीत होती. आमच्या भागात कोणाला माहीत नाही? व्यापारी माल लादून चालले होते. टेकडीवरच्या फकिरानं विचारलं, गोण्यांत काय आहे? त्याला द्यावं लागेल म्हणून व्यापारी खोटं बोलले. पुढे जाऊन पाहतात तर सगळ्या मालाचे दगड.

"माहीत हाय," मी म्हणालो. "तेव्हापासून व्यापारी इकडून माल नेत नाहीत."

ती हसली नाही. खडा माझ्या तळहातावर ठेवला. "मंग आता मी इचारतो. तुमच्या गोणीत काय हाय जी?"

"म्हणजे?"

"डाक्टरीणबाईनं सरळ इचारलं. मी सांगतच होती. तुमी आक्काले पुन्हा एकदा काविळीनं मारलं."

"पोरीचं साक्षगंध..."

"पोट माह्यं हाय ना?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तिनं म्हनलं सारं जोडून पाहतो. तुमी त्यातलं एक काढून खिशात टाकलं. आता ती चुकली तं कोनाचं चुकलं? आक्काची गाठ बी घरच्यांनी अशीच झाकून ठेवलती. पोरींचे लग्नं होऊ द्या, मंग दाखवू. दाखवली तवा डाक्टर म्हणे, आता काऊन आणली."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, आजार झाकला तो ती गेल्यावर. आजार असतानाच झाकला होता, हे तिनं इतकी वर्षं मलाही सांगितलं नव्हतं. आमच्या घरातली सगळ्यात आतली घडी मी नव्हे, तिनं धरून ठेवली होती.

उतरताना या वेळी तीच माझ्या पुढे होती.

संध्याकाळी तिनं मुलीला सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होतो. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली.

"बाबा, पाहुण्यांपासून लपवायचं होतं ना? मग माझ्यापासून का लपवलं?"

"पोरी, ज्याच्यापासून लपवायचं त्याच्या कानी बातमी घरच्याच तोंडून जाते."

"बँकेत तपासणीचं शिबिर होतं. तिथल्या बाईनं मला विचारलं, घरात कोणाला? मी म्हणाले, छे, आमच्याकडे काविळीशिवाय काही नाही." तिचे डोळे भरले होते पण ती चिडलेलीच होती. "मी किती खात्रीनं म्हणाले, माहीत आहे?"

मी मोबाईल खिशात ठेवला आणि तिच्याकडे तोंड करून बसलो.

रिपोर्ट आले त्या दिवशी मी स्वतः तोंडावर हात ठेवून बसलो. रक्ताचा आकडा मधलाच होता, ना समाधान ना निकाल. सीटीत बाकी पोट स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, दुर्बिणीतून गाठ काढून घेऊ असं वाटतंय. तेव्हा बायको म्हणाली, "बाई, एक सांगाचं राह्यलं होतं," आणि आक्काचं सगळं सांगितलं. वय विचारलं, तर वय सांगितलं. आणखी कोणी, असं विचारलं, तर म्हणाली, "माह्या मावशीच्या पोटात पाणी झालतं. पोट असं मोठं. काय होतं ते कोणी इचारलंच नाई. बाया म्हणत, करणी केली."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता माझा उद्धार होणार, मी खुर्चीत लहान होऊन बसलो. पण ती रागावली नाही. मला तर रागावलेली परवडली असती. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मग आपण दुर्बिणीतून करणार नाही." उठून आत गेली, कॅन्सरच्या सर्जनना घेऊन आली. त्यांनी सगळं पुन्हा पाहिलं. ठरलं, की पोट उघडूनच ऑपरेशन करायचं आणि ते या सर्जननी करायचं. गाठ अख्खी काढून, बायको टेबलावर असतानाच तपासायला पाठवायची. जे उत्तर येईल त्यावर पुढचं किती काढायचं ते ठरेल. मुलीला डॉक्टरीणबाई म्हणाली, "घाबरायचं नाही. पण आईचा रिपोर्ट हातात आला की तुझ्याबद्दलही बोलायचंय."

एकीचं झाकायला गेलो होतो ते दुसरीसाठी. आणि झाकून दोघींचं मिळून काय केलं असतं?

अमरावतीच्या मुलाला मुलीनं स्वतः फोन केला. मी म्हणालो, ऑपरेशन तरी होऊ दे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दुकान पाहा." त्याच्या घरून निरोप आला, काकूंचं होऊन जाऊ द्या, मग पाहू. गिऱ्हाईक "येतो फिरून" म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ काय, हे मला कोणी शिकवायला नको. ते अजून फिरून आलेले नाहीत. मुलगी मात्र त्यानंतर माझ्याशी जास्त बोलते, हे विचित्र आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर आले आणि खाटेशी उभं राहून विचारू लागले, आधीचा काही आजार? बस्स. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं. बीपीची गोळी सांगितली, लहानपणचा मलेरिया सांगितला, आक्का सांगितली, मावशी सांगितली, विंचू चावला होता ते सांगितलं, आणि ओघात माझ्या वडिलांची मूळव्याध निघाली.

"आवो," बायको उशीवरून म्हणाली, "तुमच्या बाची मूळव्याध माह्या आंगात कोन्या रस्त्यानं येईन?"

भूल देणारे डॉक्टर हसले. तीही हसली. मग तिनं माझं मनगट पकडलं आणि डॉक्टर गेल्यावरही सोडलं नाही. तिचा हात थंडगार होता.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या दाराबाहेर आम्ही बापलेक. बाहेर बसलेल्या माणसांचं आपसांत एक शास्त्र असतं. डॉक्टर लवकर बाहेर आले तर नुसतं उघडून बंद केलं, म्हणजे वाईट. फार उशिरा आले तर फार पसरलं होतं, म्हणजे वाईट. चांगलं यायला त्यात एक बारीक फट असते, आणि मी त्या फटीकडे डोळे लावून बसलो होतो. खिशात गिरडचा खडा होता. हातानं तो इतका फिरवला की गरम झाला. माझ्या गोणीत काय आहे, असं आता कोणी विचारलं असतं, तर मी सगळं ओतून दाखवलं असतं. मधेच मुलीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मी सरळ बसलो, तिच्या डोक्याखालचा खांदा हलू नये म्हणून. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "बाबा, श्वास घ्या."

सर्जन बाहेर आले. आमच्याकडे घरच्यांना काढलेलं दाखवायची पद्धत आहे. स्टीलच्या ट्रेमध्ये ती होती. गुळगुळीत, करडी-पांढरी, एका बाजूला निळसर. मी आयुष्यभर पोत पाहून माल सांगत आलो. हिच्याकडे पाहून मला काही म्हणजे काही कळेना.

"अख्खी निघाली," सर्जन म्हणाले. "फुटली नाही. ही साधी गाठ नाही. पण पसरणारा कॅन्सर म्हणतात तसंही आत्ता दिसत नाही. मधल्या जातीची आहे. गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढलेत, आजूबाजूचे नमुनेही घेतलेत. पक्का रिपोर्ट यायला दिवस लागतील. तोवर शंभर टक्के मी काही बोलणार नाही."

मला त्यांच्याकडून शंभर टक्के हवं होतं. हात जोडले. मुलीनंच सगळं दोनदा विचारून घेतलं.

बायको संध्याकाळी डोळे उघडू लागली. ओठ कोरडे, नाकात नळी. मला जवळ बोलावलं. मी वाकलो.

"काय निघालं?"

माझ्या तोंडात तयार होतं. काही नाई वं, सारं साफ. तिला झोप लागली असती, मलाही. त्यासाठी फक्त एक घडी मारायची होती.

"अख्खी निघाली," मी म्हणालो. "फुटली नाई. चांगली नाई म्हणतात, पण एकदम वाईट बी नाई. मधातली. पक्का रिपोर्ट याचा हाय. त्यात काही बी येऊ शकते. मले लय भेव लागून राह्यला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, केली मी पुन्हा एक चूक, आताच शुद्धीवर आलेल्या बाईला हे सांगतात का? मग तिनं डोळे मिटले.

"हं," ती म्हणाली. "सारं चांगलं हाय म्हनलं असतं, तं मी समजली असती की गेली मी."

आणि झोपली.

पक्क्या रिपोर्टमध्येही तेच आलं, मधलीच. बाकीच्या नमुन्यांत काही सापडलं नाही. पुढचं औषध नको, पण दर काही महिन्यांनी दाखवायला या, असं सांगितलं आहे. मुलीच्या तपासणीचं बोलणं सुरू आहे, तिच्या मनानं. आम्ही कारंज्याला परत आलो. भांडेवाल्यानं विचारलं, खरेदी झाली का? मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा चहा गार झाला. मग त्यानं त्याच्या बायकोचं पोट कधीपासून फुगतं ते मला हळूच सांगितलं आणि मी त्याला ओवा सुचवला नाही.

तपासणीचा दिवस जवळ आला की घरात कोणी काही बोलत नाही. सकाळी ती आरशापुढे परकर बांधते आणि मी पेपराच्या वरून पाहतो. नाडी किती उरते, गाठ कुठे बसते. कापडवाल्याची नजर, गज न लावता इंच सांगते.

"आखूड नाई पडून राह्यली," ती आरशातूनच म्हणते. "पेपर उलटा हाय तुमचा."